सगळे ‘चांगले’ पर्याय निवडूनही नाते का जुळत नाही? रोमान्स व्हिज्युअल नॉव्हेलमधील नात्यांच्या हिशोबाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे : व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये, म्हणजे चित्रांसोबत वाचायच्या आणि मधूनमधून पर्याय निवडून पुढे न्यायच्या कथारूप गेममध्ये, प्रत्येक ठिकाणी समजूतदार आणि गोड वाटणारा पर्याय निवडूनही कथा दर वेळी ‘नॉर्मल एंडिंग’वरच, म्हणजे नाते न जुळता होणाऱ्या साध्या शेवटावरच, येऊन थांबते. वॉकथ्रू, म्हणजे कुठे कोणता पर्याय निवडायचा ते सांगणारी मार्गदर्शिका, समोर ठेवून खेळले तर हवे ते एंडिंग मिळते, पण मग वाचण्यातली गंमत निघून जाते. तेव्हा नात्यांची ही यंत्रणा समजून घ्यायची आणि तरीही कथेचा आनंद टिकवायचा, हे साधायचे कसे? व्हिज्युअल नॉव्हेलच्या संहिता लिहिणे आणि इतरांच्या संहितांमधल्या शाखा तपासून देणे हे माझे नेहमीचे काम आहे, त्यामुळे उत्तर पडद्याच्या दोन्ही बाजूंनी देतो. माझे मत आधीच सांगतो. गेम हिशोब कोणत्या पद्धतीने ठेवतो हे लवकर ओळखावे, आणि एकदा ते ओळखले की आकड्यांचा नाद सोडून समोरची व्यक्तिरेखा काय बोलते आहे तिकडे लक्ष द्यावे.

हिशोबाच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत प्रत्येक व्यक्तिरेखेच्या नावावर गुण जमा होत जातात आणि कथेतल्या एखाद्या वळणावर गेम ते गुण ठरावीक मर्यादेच्या वर आहेत की खाली, एवढेच पाहतो. दुसरी पद्धत फ्लॅगची. तिच्यात बेरीज नसते, अमुक गोष्ट घडली की नाही याची फक्त नोंद असते : तिच्या भावाविषयी विचारले होते का, पावसात थांबला होता का, पत्र उघडले होते का. गुणांच्या पद्धतीत एखादी चूक पुढे भरून काढता येते. फ्लॅग हुकला तर मात्र पुढे कितीही चांगले वागलात तरी ते दार उघडत नाही. बहुतेक गेम दोन्हींचे मिश्रण करतात. व्यक्तिरेखेच्या रूटवर, म्हणजे तिच्याभोवती फिरणाऱ्या कथेच्या शाखेवर, जाण्यासाठी गुण लागतात आणि त्या रूटचा शेवट चांगला होण्यासाठी एक-दोन फ्लॅग लागतात.

तुमच्या नॉर्मल एंडिंगचे कारण बहुधा साध्या अंकगणितात आहे. एक काल्पनिक रूट घ्या. त्यात 10 पर्याय आहेत. प्रत्येक ठिकाणी त्या व्यक्तिरेखेला मनापासून भिडणाऱ्या उत्तराला 2 गुण, सभ्य पण कुणालाही देता येईल अशा उत्तराला 1 गुण आणि चुकीच्या उत्तराला शून्य. चांगल्या शेवटासाठी मर्यादा 14 गुणांची. आता जो खेळाडू दहाही ठिकाणी सभ्य उत्तर निवडतो, त्याची बेरीज 10 होते आणि तो कायमचा नॉर्मल एंडिंगवर अडकतो. उलट जो आपला अंदाज बांधून धीटपणे उत्तरे देतो, त्याचे 7 अंदाज बरोबर आले आणि 3 साफ चुकले, तरी त्याचे 14 गुण भरतात. मर्यादा अशा ठिकाणी ठेवण्यामागे लेखकाचा हेतू असतो. केवळ कुणाचे मन न दुखावल्याबद्दल प्रेमकथा पदरात पडू नये, ती त्या व्यक्तीला ओळखल्याबद्दल मिळावी, असे त्याला वाटत असते. म्हणून तीन पर्याय समोर आले की ‘यातला चांगला कोणता’ असे विचारू नका. ‘हे उत्तर मी दुसऱ्या कुणालाही दिले असते का’ असे विचारून पाहा. उत्तर ‘हो’ आले तर तो पर्याय बहुधा एका गुणाचाच असतो.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे लक्ष वाटून टाकणे. सुरुवातीच्या सामाईक भागात, म्हणजे कॉमन रूटमध्ये, बरेच पर्याय ‘कुणाबरोबर थांबायचे’ या स्वरूपाचे असतात आणि तिथे एका व्यक्तिरेखेला दिलेला वेळ दुसरीच्या वाट्याला येत नाही. पाच जणींना प्रत्येकी थोडे थोडे दिले की एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होते आणि कुणाचाच रूट लागत नाही. 2012 मध्ये मोफत प्रसिद्ध झालेल्या, प्रौढ वाचकांसाठीच्या ‘कतावा शोजो’ या व्हिज्युअल नॉव्हेलने हे सर्वांत निर्दयपणे दाखवले आहे. तिथे पहिल्या अंकात नायक कुणाशीच पुरेसा जोडला गेला नाही, तर तो गच्चीवरून पडतो आणि कथा तिथेच संपते. तेव्हा कॉमन रूट सुरू होतानाच, निदान त्या फेरीपुरते, मनाशी एक नाव पक्के करावे. कुणाला निवडावे हे कळत नसेल तर जिच्या संवादांवर तुम्ही आपोआप हळू वाचता तिला निवडा. चेहरा आवडला म्हणून केलेली निवड दहा तासांच्या वाचनात टिकत नाही.

फ्लॅगचे काम कसे चालते हे एका दृश्यातून पाहू. दृश्य माझे स्वतःचे आहे, कोणत्याही प्रसिद्ध गेममधले नाही. व्हायोलिन वाजवणारी एक मुलगी तुम्हाला संध्याकाळी रिकाम्या वर्गात भेटते आणि स्पर्धेतून नाव काढून घेतल्याचे सांगते. पडद्यावर तीन पर्याय येतात. पहिला : ‘तू इतकं सुंदर वाजवतेस, नाव परत दे.’ दुसरा : ‘तुझा निर्णय आहे, मी तुझ्या बाजूने आहे.’ तिसरा : ‘कधी ठरवलंस?’ पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात पाठिंबा आहे आणि तिसरा कोरडा दिसतो. बहुतेक खेळाडू पहिला किंवा दुसरा निवडतात. पण दोन दृश्ये आधी, कॅन्टीनमधल्या गप्पांत, ती सहज बोलून गेलेली असते की लोक तिला ‘छान वाजवतेस’ एवढेच सांगतात, पुढचे कुणी विचारत नाही. ते वाक्य ज्याने वाचले, त्याला तिसरा पर्याय कोरडा वाटणार नाही. संहितेत त्या ठिकाणी कौतुकाला शून्य, पाठिंब्याला 1 आणि प्रश्नाला 2 गुण लिहिलेले असतात, आणि प्रश्नासोबत ‘विचारले’ असा एक फ्लॅग चालू होतो. कितीतरी दृश्यांनंतर ती तुम्हाला घरी बोलावते की नाही, हे या फ्लॅगवर ठरते. कौतुक करणाऱ्याला ते बोलावणे येतच नाही आणि आपले काय हुकले हे त्याला कळतही नाही.

नीट लिहिलेल्या रूटमध्ये योग्य उत्तराचा धागा आधी कुठेतरी ठेवलेला असतोच. तो बहुधा गंभीर प्रसंगात नसतो. जेवणाच्या, बसच्या किंवा वर्गातल्या फालतू वाटणाऱ्या संवादात असतो, कारण महत्त्वाचे वाक्य महत्त्वाच्या प्रसंगात ठेवले तर ते ओरडून सांगितल्यासारखे होते, हे लेखकाला ठाऊक असते. म्हणून हलक्याफुलक्या दृश्यांमध्ये मजकूर आपोआप पुढे नेणारा ऑटो मोड चालू करून दुसरीकडे पाहत बसणे हे नातेसंबंधांच्या यंत्रणेतले सर्वांत महागडे दुर्लक्ष आहे. पर्यायाशी अडलात तर सेव्ह फाइल उघडण्याआधी बॅकलॉग, म्हणजे होऊन गेलेल्या संवादांची यादी, उघडा आणि त्या व्यक्तिरेखेची मागची काही वाक्ये पुन्हा वाचा. व्यक्तिरेखा कशाची तक्रार दोनदा करते, कोणता विषय बदलते, कोणत्या नावानंतर गप्प होते, या तीन गोष्टी पाहिल्या तरी बहुतेक पर्यायांचा उलगडा होतो.

दयाळूपणाचा पर्याय नेहमी योग्य असतो हा समज तर सोडूनच द्यावा. वर उल्लेखलेल्या ‘कतावा शोजो’मध्येच हानाको नावाच्या लाजाळू, अंगावर भाजल्याच्या खुणा असलेल्या मुलीचा रूट आहे. कथा थोडी उघड होईल, पण उदाहरण नेमके आहे म्हणून सांगतो. तिला सतत जपणे, ती एकटी राहू इच्छिते तेव्हाही काळजीपोटी तिच्या दारात जाऊन उभे राहणे, हे सगळे पर्याय वाचताना चांगुलपणाचे वाटतात आणि तेच तिच्या रूटच्या वाईट शेवटाकडे नेतात. आपल्याला दुबळे समजले जाते याचा तिला साठलेला राग तिथे बाहेर पडतो. त्या शेवटापर्यंत पोहोचलेला खेळाडू पहिल्यांदा गेमवर चिडतो आणि मागचे संवाद पुन्हा वाचल्यावर गेमचे म्हणणे मान्य करतो. माझ्या मते नात्यांची यंत्रणा आणि कथा यांचे इतके घट्ट जुळणे क्वचित आढळते.

काही गेममध्ये संवादाइतकेच वेळापत्रकही महत्त्वाचे असते. या प्रकाराचा पाया घालणारा, कोनामीचा 1994 सालचा ‘तोकिमेकी मेमोरियल’, हा मुळात नियोजनाचा खेळ आहे. शाळेची तीन वर्षे तुमच्या हातात असतात आणि प्रत्येक आठवडा अभ्यास, खेळ, कला, विश्रांती अशा कशावर खर्च करायचा ते तुम्ही ठरवता. इथले गुण नायकाचे स्वतःचे असतात. त्यातला एक वाढवताना दुसरा उतरतो, ताण वाढतो, आणि ठरावीक गुण वाढले की ठरावीक मुली कथेत येतात. यातली खरी मेख म्हणजे ‘बॉम्ब’. ओळख झालेल्या मुलीकडे फार काळ दुर्लक्ष केले तर तिच्या नावापुढे बॉम्ब दिसू लागतो आणि तो फुटला की बदनामी पसरून सगळ्यांच्याच मनातली तुमच्याविषयीची आपुलकी घसरते. त्यामुळे इथे वरच्या सल्ल्याच्या अगदी उलट वागावे लागते : एकीवर लक्ष केंद्रित करताना बाकीच्यांना अधूनमधून भेटून बॉम्ब निकामी करत राहावे लागते. अशा गेममध्ये अवघड रूट आधी घेऊ नका. पहिल्या फेरीत लोकप्रियता बेताची ठेवा, कारण जितक्या जास्त मुली ओळखीच्या होतात तितके सांभाळायचे ओझे वाढते. त्याच वर्षी कोएई कंपनीच्या ‘अँजेलिक’ने स्त्री खेळाडूंसाठीच्या, म्हणजे आज ज्याला ओतोमे गेम म्हणतात त्या प्रकाराची सुरुवात केली, आणि तिथेही प्रेम व कर्तव्य यांत वेळ कसा वाटायचा हाच पेच होता.

पर्यायांची यादी पडद्यावर येते तेव्हाच निवड होते, असेही नाही. 2009 च्या ‘स्टाइन्स गेट’मध्ये निवड होते ती मोबाइलवर आलेल्या निरोपांना कोणते उत्तर पाठवायचे यातून, आणि नायिकेशी झालेल्या ठरावीक निरोपांच्या देवाणघेवाणीवाचून खरा शेवट उघडत नाही. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’मध्ये तुम्ही 20 शब्द निवडून कविता तयार करता आणि प्रत्येक शब्द कुणा एकीच्या आवडीचा असतो. शब्द निवडताना तिचा स्वभाव डोळ्यांसमोर असावा लागतो. (हा गेम गोड दिसत असला तरी पुढे फार भेसूर होतो. आत्महत्येसारखे विषय ज्यांना त्रासदायक वाटतात त्यांनी सुरुवातीचा इशारा गांभीर्याने घ्यावा.) ‘मिस्टिक मेसेंजर’मध्ये कथा 11 दिवसांची असून ती घड्याळाबरोबर चालते. गप्पांच्या खोल्या दिवसाच्या ठरावीक वेळी उघडतात आणि वेळ चुकली तर तुमच्याशिवाय झालेले बोलणे नुसते वाचायला मिळते. तिथे हजर राहणे हाच पहिला पर्याय असतो. असा गेम कामाच्या घाईच्या आठवड्यात सुरू करू नये, एवढाच माझा सल्ला.

यंत्रणा ओळखण्याच्या खुणा पहिल्या तासातच सापडतात. उत्तर दिल्यावर एखादा आवाज येतो का, पाकळ्या किंवा हृदय चमकते का, मेनूत व्यक्तिरेखांची गुणतालिका आहे का, दिवस आणि आठवडे मोजले जातात का, हे पाहा. उत्तरानंतर फक्त एक-दोन वाक्ये बदलली आणि पुन्हा सगळे पूर्ववत झाले, तर हिशोब गुणांचा समजा. नवे दृश्य, नवी जागा किंवा आधी न ऐकलेली माहिती समोर आली, तर फ्लॅग चालू झाला असण्याची शक्यता जास्त. गुण वाढल्याची खूण बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर पहिल्या फेरीत ती जरूर बंद करा. पाकळ्या उडाल्या की नाही हे पाहण्याची सवय लागली, की व्यक्तिरेखेच्या चेहऱ्याकडे आणि शब्दांकडे लक्ष जात नाही, आणि पुढची उत्तरे त्याच शब्दांत दडलेली असतात.

आपण हव्या त्या रूटला पोहोचत नाही याचे कारण कधी कधी आपल्या हातात नसते, हेही लक्षात ठेवा. ‘फेट/स्टे नाइट’चे तीन रूट ठरलेल्या क्रमानेच उघडतात. ‘क्लॅनाड’मध्ये वेगवेगळे रूट पूर्ण केल्यावर प्रकाशाचे गोळे मिळतात आणि ते जमल्याशिवाय कथेचा खरा शेवट हाती येत नाही. अनेक ओतोमे गेममध्येही सर्वांत गूढ व्यक्तिरेखेचा रूट इतरांचे संपल्यावरच खुला होतो. एखादी व्यक्तिरेखा पोस्टरवर मधोमध असूनही पहिल्या फेरीत हाताला लागत नसेल, तर बहुधा तिच्या रूटला कुलूप आहे. फक्त रूटच्या क्रमापुरती चौकशी आधी करून घेतली तर कथा फुटत नाही आणि वेळ वाचतो.

आता सेव्हविषयी. प्रत्येक पर्यायापाशी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा, जुन्या स्लॉटवर नवे लिहू नका, आणि कॉमन रूट संपण्याआधीचा सेव्ह शेवटपर्यंत जपून ठेवा. पुढचे सगळे रूट तिथूनच फुटतात. नोंद लिहिण्याची सोय असेल तर ‘वर्ग, व्हायोलिन, प्रश्न विचारला’ इतके लिहिले तरी पुरते. रेनपाय या व्हिज्युअल नॉव्हेल बनवण्याच्या इंजिनावर (सॉफ्टवेअरवर) बनलेल्या गेममध्ये माउसचे चाक फिरवून मागे जाता येते आणि वाचलेला मजकूर झरझर पुढे सरकवता येतो, त्यामुळे दुसरी फेरी पहिलीपेक्षा कितीतरी लवकर आटोपते. झरझर सरकवण्याची ही सोय, म्हणजे स्किप, फक्त वाचलेल्या मजकुरावर ठेवा. तो जिथे आपोआप थांबतो तिथे काहीतरी नवे आहे, म्हणजेच तुमच्या बदललेल्या उत्तराचा परिणाम तिथे दिसतो आहे. फ्लॅग शोधण्याचे याहून चांगले साधन नाही.

मात्र पर्याय निवडल्यावर लगेच मागे जाऊन दुसरा निवडून पाहणे, हे पहिल्या फेरीत टाळा. उत्तर दिल्यावर तिचा चेहरा उतरला, म्हणून लगेच माघार घेतली तर दोन गोष्टी गमावतात. एक म्हणजे उतरलेला चेहरा हा तोटाच असतो असे नाही. कितीतरी ठिकाणी खरे पण टोचणारे उत्तर त्या क्षणी गुण कापते आणि नंतरच्या दृश्यात फ्लॅग म्हणून दुप्पट परत देते. दुसरे म्हणजे भांडणानंतरची दृश्ये, अबोला, तोंडदेखले बोलणे आणि मग पुन्हा जुळणे, हा लेखकाने सर्वांत जास्त कष्टाने लिहिलेला भाग असतो. तो पाहायचाच नसेल तर रूट खेळण्यात अर्थ काय? बॅड एंडिंगही पाहावेत. ‘फेट/स्टे नाइट’मध्ये वाईट शेवटानंतर ‘टायगर डोजो’ नावाचा विनोदी भाग येतो आणि तिथे नेमके कुठे चुकले याचा इशारा मिळतो. चुकण्यालाच बक्षीस देण्याची ही कल्पना मला फार आवडते.

भेटवस्तूंच्या यंत्रणेबद्दल मात्र मी फारसा उत्साही नाही. आवडती वस्तू पुन्हा पुन्हा देऊन गुण वाढवता येत असतील, तर गेमने नात्याचा भाग आळसाने लिहिला आहे असे समजा, हवे तेवढे गुण भेटींतून भरून टाका आणि उरलेला वेळ संवादांना द्या.

वॉकथ्रू कधी उघडावा, हे शेवटी सांगायचे राहिले. पहिल्या रूटचा कोणताही शेवट, चांगला किंवा वाईट, मिळेपर्यंत उघडू नये. त्याच रूटच्या दुसऱ्या फेरीत आपल्या अंदाजाने दोन-तीन उत्तरे बदलून पाहावीत, आणि तरीही तोच शेवट आला तर वॉकथ्रू उघडून फक्त त्या रूटचे पर्याय वाचावेत, तेही आपल्या उत्तरांच्या शेजारी ठेवून. जिथे फरक दिसेल तिथे थांबून बॅकलॉगमध्ये मागे जा आणि त्या उत्तराचा धागा कुठे ठेवला होता ते शोधा. धागा सापडला तर पुढच्या रूटमध्ये तो लेखक धागे कसे ठेवतो हे तुम्हाला कळलेले असते, कारण एकाच लेखकाची सवय रूट बदलला म्हणून बदलत नाही. धागा खरोखरच कुठे नसेल, म्हणजे दोन सारख्याच वाक्यांतले एक कारणाशिवाय बरोबर ठरवले असेल, तर दोष तुमच्या वाचनाचा नाही. अशा गेममध्ये उरलेले सगळे रूट निर्धास्तपणे वॉकथ्रू समोर ठेवून खेळा.